मॅप तुमच्या ट्रकला कार समजतो

ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं: ‘रस्ता विचारत फिरायचे दिवस गेले. मॅप लावा आणि तो सांगेल तसं चला. जवळचा रस्ता मिळतो, डिझेल वाचतं, पोचायची वेळ मिनिटासकट कळते, बंद रस्ता आधीच समजतो. शिवाय मॅपसाठी मोबाइल वापरला तर पोलिस पावती फाडू शकत नाहीत.’ मॅप मीही रोज वापरतो, गाड्या माल घेऊन रवाना करताना तर हमखास. पण या मेसेजच्या भरवशावर कुणी ट्रेलर गल्लीत घातला, तर तो बाहेर काढायला मेसेज पाठवणारा येणार नाही.

आधी ‘जवळचा रस्ता’. गूगल मॅपमध्ये कार आहे, टू-व्हीलर आहे, बस-रेल्वे आहे, पायी चालणारा आहे. ट्रक नाही. तुम्ही नाइलाजानं कार निवडता आणि तो तुम्हाला कारच समजतो. उंची, वजन, लांबी त्यानं विचारलेलीच नसते. साधा कंटेनर साडेआठ फूट उंच, हाय-क्यूब साडेनऊ. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. पण ट्रेलरवर चढवला की हाय-क्यूबचा माथा जमिनीपासून साडेचौदा फुटांच्या आसपास जातो. रेल्वेखालच्या भुयारी मार्गाच्या तोंडाशी आडवा लोखंडी बार असतो. त्याचा रंग मधोमध खरवडलेला दिसला, की आपल्याआधी कुणीतरी मॅपवर विश्वास ठेवून गेलाय असं समजायला हरकत नाही. मग तिथून रिव्हर्स, आणि मागे हॉर्न वाजवणारी रांग.

डिझेलचं गणित तर उलटंच. पुण्याहून महाडला भोरमार्गे वरंध घाट नकाशावर सुटसुटीत दिसतो. दहा टायरी गाडी लोडसकट कायद्यानं २८.५ टनांपर्यंत भरते. ती परत येताना घाट चढते पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. वाचलेले किलोमीटर तिथेच जळून जातात. उतरताना ब्रेक सारखा दाबला की ब्रेकचे लायनर (चाकाला घासून गाडी थांबवणारे पट्टे) तापतात आणि वास सुटतो; तेव्हा गाडी बाजूला घेऊन थांबायलाही अरुंद घाटात जागा नसते. शिवाय पावसाळ्यात वरंध अवजड वाहनांना बंद ठेवण्याचे आदेश निघतात, ते वेगळंच.

मिनिटासकट वेळेबद्दल फार बोलायला नको. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला कारला ताशी १०० ची मुभा, ट्रकला ८० ची. शहरातली ट्रकना सकाळ-संध्याकाळची नो एंट्री मॅप धरतच नाही. शेठनं फोनवर ‘मॅप तर दोन तास दाखवतोय’ म्हटलं, तर त्यांना एवढंच सांगा की तो कारचा वेळ आहे.

‘बंद रस्ता आधीच समजतो’ हा मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री मॅपच्या भरवशावर निघालेली कार पाण्यात गेली आणि चालक बुडाला. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेलेला पूल मॅपवर चालू होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेच्या अर्धवट पुलावरून कार खाली पडून तिघं गेले. तिथंही नेव्हिगेशनवर बोट ठेवलं गेलं. दोन्ही गाड्या कारच होत्या, म्हणजे ज्या गाडीला मॅप ओळखतो तीच. रस्ता बंद झाल्याची माहिती कुणी पोचवली नाही, तर मॅपला ती कळणार कशी?

पावतीचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. ऑक्टोबर २०२० पासून नियमात मोबाइलला रस्ता बघण्यापुरती सूट आहे, पण ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. स्टँडवर लावून आवाज चालू ठेवा. एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फोन धरून नकाशा बोटानं मोठा करत बसलात, तर ही सूट कामाला येणार नाही.

राहिलं ‘विचारायची गरज नाही’. गरज आहेच, फक्त नीट विचारायला हवं. ‘रस्ता जातो का?’ म्हटलं की पारावरचा माणूस म्हणणारच, ‘जातो की!’ त्याच्या डोळ्यासमोर टेम्पो असतो. त्याला विचारा, ‘भाऊ, आज इथनं कंटेनर गेला का? उसाच्या गाड्या याच रस्त्यानं जातात का?’ पंक्चरवाला आणि समोरून येणारा आपल्यासारखाच गाडीवाला, या दोघांचं उत्तर सहसा खरं निघतं.

मॅपचं खरं काम निघण्याआधी. गाडी उभी असताना सॅटेलाइट चित्र उघडा आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर बघा: वळण केवढं, रस्त्यावर दुसरे ट्रक दिसतात का, वळवून घ्यायला मैदान आहे का. घाटात रेंज जाते, म्हणून तेवढा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. पुढे जाम किती आहे हे मात्र त्यालाच विचारा. त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. आणि एमआयडीसीत जायचं असेल तर कंपनीच्या पिनवर जाऊ नका. पिन बहुतेक ऑफिसच्या गेटवर असतो, मालाचं गेट मागच्या रस्त्याला. स्टोअरवाल्याला फोन करून गेट नंबर बिल्टीवरच, म्हणजे मालाच्या पावतीवरच, लिहून घ्या.