पुन्हा विश्वाचा अंत नको
'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या नव्या पर्वाकडे डोळे लावून बसावे आणि शेवटच्या भागात पुन्हा अवघे विश्वच पणाला लागलेले पाहावे, याचा आता अक्षरशः वीट आला आहे. २००५ मध्ये १३ भागांचे असलेले पर्व २०२४ मध्ये ८ भागांवर आले. मालिकेचा कालप्रवासी नायक असलेल्या डॉक्टरच्या सोबत्यांशी नीट ओळख होण्याआधीच निरोपाची वेळ येते. २००८ च्या 'मिडनाइट' या भागात बंद वाहनात अडकलेले मूठभर प्रवासी होते, त्यांतल्या एका बाईच्या तोंडून कोणी अज्ञात जीव इतरांचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे उच्चारत होता आणि भेदरलेली माणसे डॉक्टरलाच बाहेर फेकायला निघाली होती. (तो जीव कोण, हे सांगितले नाही, हे फार बरे केले!) पुढच्या पर्वात असे भय हवे, दरवेळी विश्वच वाचवण्याचा हा हट्ट कशासाठी?