टाकीत राहिलेली माणसं

रविवारी सकाळी माझा चहा होतो तेव्हा पुण्यात दादाची जेवायची वेळ जवळ आलेली असते. तेवढ्यात फोन. या वेळचा विषय भारताचं अंतराळ स्थानक. पहिला भाग २०२८ मध्ये आणि पाचही भाग २०३५ पर्यंत वर न्यायचे, असं ठरलंय. दादाच्या सकाळी टेकडीवर जाणाऱ्या कंपूत त्यावरून दोन तट पडलेत. दादाचा तट म्हणतो, रॉकेटचं तेच विकास इंजिन, तेच जुने टप्पे, स्थानक तरी कोरं करकरीत करा, जुगाड किती दिवस करणार? दुसरा तट त्याच जुगाडावर छाती फुगवतो. मला दोन्ही पटत नाहीत.

त्याचं कारण इथे ह्यूस्टनमध्ये, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे. स्पेस सेंटरमध्ये स्कायलॅबचा, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ स्थानकाचा, अंतराळवीरांच्या सरावासाठी बनवलेला नमुना ठेवलाय. घरी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतेच. आमच्या पिढीला स्कायलॅब आठवतं ते डोक्यावर पडणार म्हणून. जुलै १९७९ मध्ये वर्गातली निम्मी पोरं दप्तर डोक्यावर धरून घरी गेली होती. शेवटी ते पडलं हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात.

पण ते होतं काय? चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटचा तिसरा टप्पा. हायड्रोजनच्या टाकीत माणसं राहायची आणि ऑक्सिजनच्या टाकीत कचरा टाकायची. मूळ बेत तर आणखी धाडसी होता: टाकी इंधनाने भरून उडवायची, इंधन जळून गेलं की आत शिरून संसार मांडायचा. इंधन आरपार वाहायला हवं म्हणून आतली जमीन जाळीची ठरली. १९६९ मध्ये बेत बदलला, टाकी जमिनीवरच सजवून कोरडी न्यायचं ठरलं. जाळी मात्र राहिली. मग तिच्या त्रिकोणी भोकांत अडकतील असे त्रिकोणी खुंट बुटांच्या तळाला लावले. खुंट भोकात घालून जरा वळवला की पाय रोवला जायचा, तरंगायची भीती नाही. दर वेळी मी त्या जाळीशी रेंगाळते आणि पाहुणे पुढे निघून जातात.

याला जुगाड म्हणायला मी तयार नाही. जुगाड झाला तो मे १९७३ मध्ये. उड्डाणातच बाहेरचं संरक्षक कवच फाटून गेलं, आत भट्टी झाली, तेव्हा पहिल्या तुकडीने एका झडपेतून छत्री बाहेर काढून उघडली. तो जुगाड फर्मासच होता. पण टाकीचं घर करायला वर्षानुवर्षं गणितं मांडावी लागली.

"तिकडे सगळं जपून वापरतात," हा दादाचा लाडका समज. त्याला मी त्याच आवारातलं सॅटर्न-५ दाखवलं होतं. खरोखर उडण्यासाठी बनवलेल्या भागांचं हे रॉकेट कितीतरी वर्षं उघड्यावर, ह्यूस्टनच्या दमट हवेत आडवं पडून होतं. वरती छप्पर आलं ते फार उशिरा. दुसरं स्कायलॅबही बनलेलं होतं. ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेलं.

जुन्याची किंमतही मोजावी लागते, हे मात्र दादाचं खरं. आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकातला रशियन झ्वेझ्दा भाग मुळात मीर-२ या सोव्हिएत स्थानकासाठी होता. त्याचा सांगाडा १९८०च्या दशकातला, उडाला २००० मध्ये. त्याच्या मागच्या टोकाच्या चिंचोळ्या बोगद्यातून २०१९ मध्ये हवा गळायला लागली. तिथलं दार बहुतेक वेळ बंदच ठेवावं लागलं. पण सुरुवातीच्या तुकड्या राहिल्या त्याच भागात, हेही खरं.

म्हणून विकास इंजिनावर नाक मुरडणं मला जमत नाही. सत्तरच्या दशकात फ्रेंच वायकिंग इंजिनाचं तंत्र आणून ते उभं राहिलं, आज ते विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनतं. गगनयानात माणसं न्यायची म्हटल्यावर त्याची नव्याने परीक्षा घेतली. २०२१ मध्ये ते एका दमात २४० सेकंद चालवून पाहिलं. ही परीक्षा झाली का, एवढंच मी विचारीन. इंजिनाचं वय दादाने खुशाल मोजत बसावं.

इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा तर उपग्रह सोडला की कचराच. इस्रो त्यालाच सौरपट्ट्या लावून प्रयोगशाळा करते. ३० डिसेंबर २०२४ ला उडालेल्या रॉकेटच्या अशा टप्प्यावर २४ उपकरणं होती, आणि एका डबीत चवळीच्या आठ बिया.

"उगवल्या?" दादाने विचारलं.

"चार दिवसांत."

"आमच्याकडे ओल्या फडक्यात दोन दिवसांत मोड येतात," असं म्हणून तो जेवायला उठला.