लॉर्ड मेयरच्या गळ्यातली साखळी आणि शहराची सत्ता

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला. लंडनचा महापौर मुस्लिम, बर्मिंगहॅमचा मुस्लिम, लीड्स, शेफील्ड, ऑक्सफर्ड, ल्यूटन, सगळीकडे तेच. साडेसहा कोटींच्या ब्रिटनमधल्या ४० लाख मुस्लिमांनी शहरं ताब्यात घेतली, आता तरी जागे व्हा. गेली कित्येक वर्षं हा मजकूर फिरतोय. पाठवणारी माणसं माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातली आहेत, म्हणून नीट उत्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, या यादीत दोन निराळी पदं एकाच शब्दात कोंबली आहेत. लंडनचा मेयर मतदार थेट निवडतात आणि त्याच्याकडे खरे अधिकार असतात. बर्मिंगहॅम, लीड्स, शेफील्ड या शहरांच्या कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या महापालिकेवर, असा मेयरच नाही. ३ मे २०१२ रोजी तिन्ही ठिकाणी त्यावर सार्वमत झालं आणि तिन्ही शहरांनी नकार दिला. शेफील्डमध्ये तर सुमारे ६५ टक्क्यांनी. तिथे आहे तो लॉर्ड मेयर. नगरसेवक आपल्यातल्याच एकाला वर्षभरासाठी त्या खुर्चीवर बसवतात. सभा चालवायची, पाहुण्यांचं स्वागत करायचं, गळ्यात मानाची साखळी घालून समारंभांना जायचं, एवढंच त्याचं काम. बजेट, कंत्राटं, घरवाटप यातलं काहीही त्याच्या हातात नसतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कळायला जड जाऊ नये. आपल्याकडेही सभागृह महापौर चालवतात आणि फाइल आयुक्तांच्या सहीनं हलते. फरक एवढाच, की तिथे खरी सूत्रं कौन्सिलचा ‘लीडर’ म्हणवल्या जाणाऱ्या नगरसेवकाकडे असतात; शेफील्डमध्ये ती २०२२ पर्यंत तशी होती.

यादीतलं शेफील्ड हे माजिद माजिद यांच्यामुळे. जन्म सोमालियातला, पाचव्या वर्षी निर्वासित म्हणून आईबरोबर इंग्लंडात आले, ग्रीन पक्षाचे नगरसेवक झाले आणि २०१८ साली लॉर्ड मेयर. तेव्हाही कौन्सिलमध्ये बहुमत लेबर पक्षाचं होतं आणि लीडर होत्या ज्युली डोर. वर्ष संपलं, साखळी दुसऱ्याच्या गळ्यात गेली. मेसेजमध्ये मात्र ते वर्ष अजून संपलेलं नाही.

मग लंडन? तिथले मेयर सादिक खान यांना २०१६ साली दुसऱ्या पसंतीची मतं धरून १३ लाखांहून अधिक मतं मिळाली. २०११च्या जनगणनेत लंडनमधले सगळे मुस्लिम, तान्ह्या बाळांसकट, मिळून जेमतेम १० लाख. म्हणजे दुसऱ्या धर्माच्या आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्या लाखो लोकांनी त्यांना मत दिलं, आणि २०२१ व २०२४ साली ते पुन्हा निवडून आले. त्यांच्या कारभारावर टीका जरूर करा, लंडनकर रोज करतात. पण ‘ताबा’ हा शब्द मतपेटीतून आलेल्या माणसाला लावू नका.

बर्मिंगहॅममध्ये मुस्लिम लोकसंख्या खरोखरच मोठी आहे, २०२१च्या जनगणनेत सुमारे ३० टक्के. हे लपवण्यासारखं काही नाही. साहजिकच नगरसेवकांतही मुस्लिम आहेत, पण ते वेगवेगळ्या पक्षांत आहेत आणि एकमेकांविरुद्ध लढतात. २०२२ साली १०१ जागांपैकी ६५ लेबरला, २२ काँझर्व्हेटिव्हना, १२ लिबरल डेमोक्रॅट्सना आणि २ ग्रीनना मिळाल्या. लीडर इअन वॉर्ड होते, २०२३ साली जॉन कॉटन आले. त्याच सप्टेंबरात कौन्सिलनं कलम ११४ची नोटीस, म्हणजे खर्चाला पैसे पुरत नसल्याची जाहीर कबुली, काढून नवा अनावश्यक खर्च थांबवला. बर्मिंगहॅमच्या माणसाची झोप उडाली ती या नोटिशीनं.

आता सत्ता कोणाच्या हातात एकवटली होती, हा प्रश्न शेफील्डच्या लोकांनीच विचारला, ते सांगायला हवं. तिथे ८४ नगरसेवक, २८ वॉर्ड, प्रत्येकी तीन. लीडर आणि तिनं निवडलेलं छोटं मंत्रिमंडळ निर्णय घेणार, बाकीचे बहुतेक नगरसेवक बघत बसणार. रस्ते दुरुस्तीच्या कंत्राटात हजारो झाडं तोडली गेली तेव्हा हे लोकांना फार झोंबलं. आपल्या दारातलं झाड वाचवायला म्हणून बाहेर पडलेली साधी माणसं शेवटी कौन्सिलची रचनाच बदलायच्या मागे लागली. पाच टक्के मतदारांच्या सह्या मिळाल्या तर सार्वमत घ्यावंच लागतं, असा कायदा आहे. त्यांनी दारोदार फिरून २० हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या.

६ मे २०२१ रोजी मतदान झालं. लीडरची पद्धत मोडून सर्वपक्षीय समित्यांचा कारभार आणावा, या बाजूनं ८९,६७० मतं पडली, विरोधात ४८,७२७. त्याच दिवशी लेबरचं बहुमतही गेलं: ८४ पैकी ४१. पुढच्या मे महिन्यापासून समित्या सुरू झाल्या. त्या मतपत्रिकेवर प्रश्न होता लीडरचा आणि समित्यांचा. लॉर्ड मेयरबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.