शिक्षणावरचा खर्च आणि मुलांची संपादणूक: एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. शाळांवरचा खर्च वाढवल्याने मुलांची संपादणूक वाढतेच असे नाही, हे माझे प्रतिपादन सरकारांना हात आखडता घेण्यासाठी आयती सबब पुरवते, हा आपला पहिला आक्षेप आहे. शिक्षकांच्या वेतनवाढीबाबत इंडोनेशियाचे एकच उदाहरण देऊन मी शिक्षकांवर अन्याय केला आणि वर्गातली पटसंख्या कमी करण्याच्या साध्या उपायाकडे दुर्लक्ष केले, हा दुसरा. तिसरा आक्षेप मुळावरच घाव घालणारा आहे: परीक्षेतले गुण म्हणजे शिक्षण नव्हे. या तिन्हींपैकी पहिल्यात आपण माझी खरी चूक पकडली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘खर्च आणि संपादणूक यांच्यात ठोस संबंध आढळत नाही’ असे सरसकट विधान मी केले होते. त्याला आधार होता तो १९६६ सालच्या कोलमन अहवालाचा आणि अर्थतज्ज्ञ एरिक हनुशेक यांनी १९८६ मध्ये घेतलेल्या संशोधनाच्या आढाव्याचा. अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून कोलमन अहवालाने असे दाखवले होते, की गुणांमधल्या तफावतीचा उलगडा शाळेतल्या साधनसामग्रीपेक्षा मुलांच्या घरच्या परिस्थितीवरून अधिक होतो. या निरीक्षणाशी माझे भांडण नाही. त्यावरून मी जो निष्कर्ष काढला, तो मात्र घाईचा होता. शाळांना मिळणारा पैसा चिठ्ठ्या टाकून वाटलेला नसतो. कुठे मागे पडलेल्या मुलांच्या शाळांना मुद्दाम जादा निधी दिला जातो, तर कुठे सधन वस्तीतल्या करांवर तिथल्याच शाळा पोसल्या जातात. हे दोन्ही प्रवाह एकाच आकडेवारीत मिसळले, की खर्चाचा खरा परिणाम त्यात दिसेनासा होतो. ज्या घरात औषधे जास्त, तिथे आजारपणही जास्त आढळते, म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही.

ही गुंतागुंत सोडवण्याचा एक मार्ग न्यायालयांनी नकळत खुला केला. १९७० च्या दशकापासून अमेरिकेतल्या अनेक राज्यांना न्यायालयीन आदेशांमुळे शालेय निधीवाटपाची सूत्रे बदलावी लागली. एखादे मूल शाळेत असताना नेमका कधी निधी वाढला, हे त्याच्या किंवा पालकांच्या हातात नव्हते. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या संशोधकांनी याच बदलांचा आधार घेऊन २०१६ मध्ये असे दाखवले, की शाळेच्या बाराही वर्षांत प्रति विद्यार्थी खर्च १० टक्क्यांनी जास्त राहिला, तर पुढे एकूण शिक्षण सरासरी ०.३१ वर्षांनी आणि प्रौढपणीची मजुरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि गरीब घरांतल्या मुलांना याचा लाभ बराच अधिक होतो. हा पुरावा मला ठाऊक असूनही माझ्या लेखात नव्हता. तो असायला हवा होता.

तथापि, यावरून कोणताही खर्च सारखाच फळतो असेही म्हणता येत नाही, आणि इथे आपले मतभेद सुरू होतात. वरचा आकडा ही सरासरी आहे. धोरण ठरवणाऱ्याला सरासरीपेक्षा पुढचा रुपया कशावर खर्च करायचा, हे ठरवायचे असते. इंडोनेशियाने २००५ च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांचे वेतन जवळजवळ दुप्पट केले. काही शाळांतल्या शिक्षकांना सोडतीने हा लाभ लवकर मिळाला, त्यामुळे तुलना करणे शक्य झाले. शिक्षक अधिक समाधानी झाले, त्यांच्यावरचा आर्थिक ताण कमी झाला, जोडधंदा करणाऱ्यांचे प्रमाण घटले. मुलांच्या शिकण्यात मात्र दोन-तीन वर्षांनंतरही फरक आढळला नाही. आपण म्हणता की चांगल्या वेतनामुळे कालांतराने अधिक गुणी तरुण या पेशाकडे वळतील. हे शक्य आहे, आणि तो प्रयोग त्याचे उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात आधीपासून नोकरीत असलेलेच शिक्षक होते. पण पिढीभराने मिळणाऱ्या लाभासाठी आज सर्वांचे वेतन एकदम वाढवायचे असेल, तर त्याच पैशातून आज वर्गात बसलेल्या मुलांसाठी काय करता आले असते, हा हिशेब मांडावाच लागतो. वेतन कमी असावे असे माझे म्हणणे नाही. शिक्षकाला सन्मानाने जगता यावे हे कारण त्यासाठी स्वतंत्रपणे पुरेसे आहे, ते गुणांच्या नावाखाली मांडण्याची गरज नाही.

पटसंख्येबद्दल आपले म्हणणे बऱ्याच अंशी मान्य आहे. टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षे चाललेल्या प्रयोगात मुलांना सोडतीने १३ ते १७ आणि २२ ते २५ पटाच्या वर्गांत विभागले गेले, आणि लहान वर्गांतली मुले स्पष्टपणे पुढे गेली. परंतु ६०० मुलांच्या शाळेत पट ३० वरून २० वर आणायचा, तर २० ऐवजी ३० वर्ग लागतात, म्हणजे शिक्षक दीडपट. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये खालच्या इयत्तांसाठी हेच राज्यभर केले, तेव्हा एवढे प्रशिक्षित शिक्षक मिळेनात. अप्रशिक्षितांची भरती झाली आणि त्याचा भार गरीब वस्त्यांतल्या शाळांवर सर्वाधिक पडला.

मुंबई आणि वडोदरा इथला ‘बालसखी’ कार्यक्रम मला याहून बोलका वाटतो. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना दिवसातले सुमारे दोन तास वेगळे काढून परिसरातल्याच तरुणी त्यांच्या पातळीपासून शिकवत. पहिल्या वर्षी गुण सरासरी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत, ते मोजणारे एकक) वाढले. यातली खरी गंमत अशी, की ही मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्गाचा पट आपोआप कमी झाला, तरी तिथे उरलेल्या मुलांच्या गुणांत म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. फायदा मुख्यतः पाठ आणि मूल यांच्यातले अंतर मिटल्याने झाला होता. केनियात पाठ्यपुस्तके मोफत वाटली, तेव्हा आधीपासून हुशार असलेल्या मुलांनाच लाभ झाला, तोही याच कारणाने: पुस्तके इंग्रजीत होती, आणि ती भाषा अनेकांच्या दृष्टीने तिसरी होती.

आता गुणांचा मुद्दा. गुणांवर बक्षीस किंवा शिक्षा बांधली की गुण विश्वासार्ह राहत नाहीत, ही आपली भीती रास्त आहे. शिकागोतल्या उत्तरपत्रिकांच्या अभ्यासात प्राथमिक शाळांतल्या किमान ४ ते ५ टक्के वर्गांत दरवर्षी शिक्षकांनी वा अधिकाऱ्यांनीच फेरफार केल्याचे आढळले होते. तरीही पुरावा एकाच बाजूचा नाही. आंध्र प्रदेशात मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बोनस दिला गेला, तेव्हा दोन वर्षांत गणितात ०.२७ आणि भाषेत ०.१७ प्रमाण विचलनाची वाढ झाली, आणि ज्या विषयांसाठी बोनस नव्हता, त्या विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांतही मुले पुढे गेली. शिवाय चेट्टी, फ्रीडमन आणि रॉकॉफ या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या दहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पुढच्या कर-नोंदींशी जोडल्या, तेव्हा गुण वाढवणाऱ्या शिक्षकांचे विद्यार्थी पुढे अधिक संख्येने महाविद्यालयात गेलेले आणि अधिक कमावणारे आढळले. गुण म्हणजे शिक्षण नव्हे, हे खरेच. पण दोन कार्यक्रमांची तुलना करण्यासाठी ते वापरणे आणि त्यांवर एखाद्याची नोकरी टांगणे, या दोन गोष्टी आपण आपल्या प्रतिक्रियेत एकच मानल्या आहेत.

मूळ लेखातले ते सरसकट वाक्य मी काढून टाकले असून त्याजागी २०१६ च्या अभ्यासाचा उल्लेख केला आहे. इंडोनेशियाचा परिच्छेद मात्र तसाच ठेवला आहे.