मोरो, विया ग्रादोली आणि ‘सगळं सीआयएनंच केलं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे, त्यातलं ‘सरकारी भाट’ हे विशेषणसुद्धा. उत्तर खालच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे स्वतंत्र लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 16 मार्च 1978 ला सकाळी रोममधल्या विया फानी या रस्त्यावर रेड ब्रिगेड्स या अतिडाव्या सशस्त्र संघटनेनं आल्दो मोरोंच्या पाचही अंगरक्षकांना गोळ्या घातल्या आणि मोरोंना पळवलं. मोरो पाच वेळा पंतप्रधान झालेले, ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचे अध्यक्ष. 55 दिवसांनी, 9 मे ला, त्यांचं प्रेत एका लाल रेनो-4 च्या मागच्या भागात सापडलं. मी लिहिलं होतं की अपहरण आणि खून दोन्ही ब्रिगेडचेच. तुमचं म्हणणं, ब्रिगेड हे नुसतं प्यादं, चाल सीआयएची आणि पी-टू या गुप्त मेसॉनिक लॉजची. त्यासाठी तुम्ही चार पुरावे दिलेत: ग्रादोलीचा फ्लॅट, विया फानीवरचा ‘सराईत नेमबाज’, पिएचेनिक या अमेरिकी सल्लागाराची ‘कबुली’ आणि दोन पक्षांच्या कार्यालयांच्या ‘बरोब्बर मध्यावर’ ठेवलेलं प्रेत.

हेतूबद्दल आपलं भांडण नाही. अपहरणाच्याच सकाळी संसदेत आंद्रेओत्ती सरकारवर विश्वासमत व्हायचं होतं आणि त्याला कम्युनिस्टांचा पाठिंबा मिळणार होता. हे जुळवून आणलं मोरोंनी, पलीकडून कम्युनिस्ट नेते बेर्लिंग्वेरांनी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं जानेवारीतच जाहीर निवेदन काढून पश्चिम युरोपातल्या सरकारांत कम्युनिस्ट नकोत असं बजावलं होतं. अमेरिकेतल्या एका बड्या व्यक्तीनं मोरोंना हे धोरण सोडा नाहीतर महागात पडेल असं सुनावलं होतं, अशी साक्ष त्यांच्या पत्नी एलेओनोरा यांनी दिली. पण हेतूच बघायचा तर मॉस्कोलाही होता. निवडणुका लढवून, नाटोत राहून सत्तेच्या दारात आलेला कम्युनिस्ट पक्ष क्रेमलिनला तरी कुठे हवा होता? सगळ्याचा बोलविता धनी केजीबी, असं म्हणणारेही इटलीत कमी नाहीत. ते तुमच्याइतक्याच ठामपणे बोलतात.

आता ग्रादोली. तुमचा सगळ्यात दमदार मुद्दा हाच, म्हणून इथे जरा थांबतो. विया ग्रादोली 96 या इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये ब्रिगेडचा म्होरक्या मारिओ मोरेत्ती आणि बार्बारा बाल्झेरानी राहत होते. अपहरणानंतर दोनच दिवसांनी पोलिसांनी तिथे दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, पोलीस पुढे गेले. 2 एप्रिलला बोलोन्याजवळच्या एका घरी काही प्राध्यापक मंडळी बशी फिरवून आत्म्यांना प्रश्न विचारत बसली होती (हो, प्लँचेट, आणि त्यांत पुढे पंतप्रधान झालेले रोमानो प्रोदी होते). बशीनं ‘ग्रादोली’ लिहिलं. ही खबर रोमला पोचली आणि 6 एप्रिलला फौजफाटा निघाला तो व्हितेर्बोजवळच्या ग्रादोली नावाच्या गावात. रोममध्ये या नावाचा रस्ता नाही का, असं एलेओनोरांनी विचारलं, तर नाही म्हणून सांगण्यात आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही अक्षरशः गावालाच. अखेर 18 एप्रिलला खालच्या घरात पाणी झिरपायला लागलं, अग्निशमन दलाला बोलावलं, तेव्हा आत शॉवर चालू सापडला.

तुम्ही लिहिलंत, ‘इथे पाणी मुरतंय.’ मुरतंयच. आत्म्यांवर माझा विश्वास नाही, तुमचाही नसावा. बोलोन्यातल्या अतिडाव्या वर्तुळातून कुणाच्या तरी कानावर नाव आलं आणि सांगणाऱ्याला वाचवायला बशी पुढे केली, हाच उलगडा मला पटतो. आंद्रेओत्तींनीही पुढे जवळपास हेच म्हटलं होतं. शॉवर मुद्दाम चालू ठेवला की चुकून राहिला, यावर आजही वाद आहे. पण यातून निघतं काय? कुणाला तरी पत्ता ठाऊक होता आणि तो पोलिसांच्या हाती लागावा असं वाटत होतं. तुमच्या सिद्धांताला हवं ते नेमकं याच्या उलट. आणि मोरोंना या फ्लॅटमध्ये ठेवलंच नव्हतं. ब्रिगेडवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे ते विया मोंताल्चिनीत होते. शिवाय फ्लॅट सापडल्यावर सायरन आणि पत्रकारांचा असा गलबला उडाला की बातमी ऐकून मोरेत्ती तिकडे फिरकलाच नाही. चार पोलीस साध्या वेशात दबा धरून बसले असते तर तो त्याच दिवशी हाती लागता. प्रत्यक्षात सापडला 1981 मध्ये.

तुम्ही न मांडलेला, पण तुमच्या बाजूचा खरा मुद्दा त्याच तारखेला आहे. 18 एप्रिललाच एक पत्रक आलं: मोरोंचं प्रेत दुकेस्सा तलावात आहे. तलाव गोठलेला. दोन दिवस बर्फ फोडण्यात गेले. पत्रक बनावट होतं आणि ते तयार करणारा तोनी किकियारेल्ली हा रोमच्या गुन्हेगारी जगातला बनावटगिरीत मुरलेला माणूस होता. त्याला ते कुणी करायला सांगितलं हे सिद्ध झालेलं नाही, आणि 1984 मध्ये त्याचाच खून झाला. इथे गुप्तचर खात्यावर संशय घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही.

नेमबाजाचं मात्र सोडा. नव्वदहून अधिक गोळ्या झाडल्या गेल्या आणि मोरोंना एकही लागली नाही, म्हणून कुणी तरी कमांडो हवाच, असा तुमचा तर्क. ब्रिगेडच्याच माणसांनी सांगितलंय की भर हल्ल्यात त्यांच्या बंदुका अडकल्या. हे काही कमांडोंचं लक्षण नव्हे. मोरोंची फियाट चिलखती नव्हती, रस्ता आणि वेळ ठरलेली होती, आणि विमान कंपनीच्या गणवेशातली माणसं बसची वाट बघत असावीत तशी उभी होती. आणि ‘बरोब्बर मध्य’ हे नकाशा न बघता सांगितलं जातं. प्रेत सापडलं तो रस्ता, विया काएतानी, कम्युनिस्टांच्या बोत्तेगे ओस्कुरे रस्त्यावरच्या कार्यालयाला अगदी लागून आहे. ख्रिश्चन डेमोक्रॅट्सचं कार्यालय जवळ असलं तरी तेवढं नाही. जागा निवडण्यामागे संदेश होताच. पण त्यासाठी लँग्लीहून, म्हणजे सीआयएच्या मुख्यालयातून, माणूस यायची गरज नव्हती.

पिएचेनिक. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा हा मानसोपचारतज्ज्ञ गृहमंत्री कोसिगांना सल्ला द्यायला रोममध्ये आला आणि मोरोंच्या मृत्यूआधीच परत गेला. इटलीच्या स्थैर्यासाठी मोरोंचा बळी द्यावा लागला, असं तो तीसेक वर्षांनी म्हणाला. 2014 मध्ये रोमच्या सरकारी वकिलांनी त्याची चौकशी व्हावी असंही म्हटलं. पण हाच गृहस्थ ओसामा बिन लादेन 2001 मध्येच मेला होता असं छातीठोकपणे सांगत आलाय. त्याचं एक वाक्य ब्रह्मवाक्य आणि दुसरं बडबड, ही निवड तुम्ही कशाच्या जोरावर करता?

माझ्या मते या प्रकरणातली बरीचशी भगदाडं पाडली ती ब्रिगेडवाल्यांनीच. मोंताल्चिनीतल्या घरात चौथा माणूस होता. कागदोपत्री तो ‘इंजिनिअर आल्तोबेल्ली’. पंधरा वर्षं एकानंही त्याचं खरं नाव फोडलं नाही, आणि तोवर मोरोंवर गोळ्या ब्रिगेडच्याच गाल्लिनारीनं झाडल्या असं सगळे धरून चालले होते. 1993 मध्ये जेर्मानो माक्कारीचं नाव बाहेर आलं. त्यानं आधी कानावर हात ठेवले, 1996 मध्ये कबूल केलं. मोरेत्तीनंही 1993 मध्येच सांगितलं की गोळ्या आपण झाडल्या. त्या पंधरा वर्षांत या रिकाम्या जागेत लोकांनी मोसाद, माफिया, सगळ्यांना बसवून पाहिलं. तिथे होता कोण, तर रोमच्याच एका वस्तीतला पोरगा, आणि त्याला त्याच्या साथीदारांनी वाचवलं होतं.

राज्यकर्त्यांनीही लपवलं, पण ते वेगळं. कोसिगांच्या संकट समितीतले गुप्तचर प्रमुख पी-टूच्या यादीत निघाले, हे तुम्ही बरोबर सांगितलंत. 1981 मध्ये पी-टूचा प्रमुख लिचिओ जेल्लीकडे सापडलेल्या त्या यादीत 962 नावं होती. पण या लोकांनी खुनाचा हुकूम दिला, याचा कागद किंवा साक्ष तुम्ही दाखवलेली नाही. त्यांनी मोरोंना सोडवायला जिवापाड धडपड केली नाही, हे मात्र मी आनंदानं मान्य करतो, आणि मूळ लेखात ते होतंही. वाटाघाटी नकोत यावर ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट दोघंही अडून बसले. क्राक्सींचे समाजवादी तेवढे वेगळं बोलत होते. कैदेतून मोरो पत्रांमागून पत्रं लिहीत होते, आणि त्यांचेच जुने स्नेही जाहीर पत्रक काढून सांगत होते की हे लिहिणारा माणूस आम्ही ओळखतो तो मोरो नव्हे. तुम्ही सगळा दोष लँग्लीवर ढकललात की ही माणसं अलगद सुटतात. भाट मी की तुम्ही?

कैदेत ब्रिगेडनं मोरोंची चौकशी केली, त्या जबाबांचं म्हणाल तर तिथे माझ्याकडेही उत्तर नाही, कुणाकडेच नाही. मिलानच्या विया मोंते नेव्होसोतल्या ब्रिगेडच्या फ्लॅटमध्ये ऑक्टोबर 1978 ला टंकलिखित पानं सापडली. त्याच फ्लॅटमध्ये ऑक्टोबर 1990 ला दुरुस्ती करताना खिडकीखालच्या फळीमागून हस्तलिखिताच्या चारशेहून अधिक छायाप्रती निघाल्या. त्यांत नाटोच्या गनिमीविरोधी गुप्त तयारीचा उल्लेख होता, जो आधीच्या पानांत नव्हता. त्याच महिन्यात आंद्रेओत्तींनी ग्लादिओ या नाटोशी जोडलेल्या गुप्त संघटनेची कबुली दिली. मूळ हस्तलिखित आणि चौकशीच्या टेप आजवर कुणी पाहिलेल्या नाहीत. आम्ही नष्ट केल्या, असं ब्रिगेडवाले म्हणतात. त्यावर मी विश्वास ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका.

पत्रकार मिनो पेकोरेल्लीच्या 1979 मधल्या खुनाचा तुम्ही शेवटी जाता जाता उल्लेख केलात आणि ‘आंद्रेओत्तींना शिक्षा झाली’ असं लिहिलंत. अपिलात 2002 मध्ये 24 वर्षांची शिक्षा झाली होती, 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. तो खटला स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पुढच्या महिन्यात लिहीन, तेव्हा या मुद्द्यावरची प्रतिक्रिया तिथेच टाका.