ती फाइल बाबांच्या हातून घ्या

जुलै लागला की मला ओळखीच्या आणि अनोळखी घरांतून निरोप येऊ लागतात : "मुलगा फॉलला एमएससाठी अमेरिकेला निघतो आहे, काय काय तयारी करावी ते जरा सांगाल का?" विचारणारे जवळजवळ नेहमी वडील असतात, कधी आई, एखाद्या वेळी कामाचा उरक असलेली आत्या. जो निघाला आहे तो स्वतः फार क्वचित विचारतो. त्यालाच मला लिहायला सांगा, असे कळवले की उत्तर येते, "तो मित्रांबरोबर बाहेर गेला आहे हो, पुन्हा कधी भेटणार सगळे. तुम्ही मलाच सांगा, मी लिहून घेतो."

हे लिहून घेणेच मला खटकते. २०२४-२५ या वर्षात अमेरिकेतल्या विद्यापीठांत ३ लाख ६३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. इतकी माणसे ज्या वाटेने गेली आहेत त्या वाटेवरच्या सामानाच्या याद्या कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार मिळतात. कागद, पैसा आणि नियम मात्र ज्याच्या नावावर आहेत त्यानेच वाचलेले असावे लागतात, आणि नेमके तेच काम आपल्या घरांत दुसरे कोणीतरी करत असते.

माझेच सांगतो. २०११ च्या ऑगस्टमध्ये मी निघालो तेव्हा माझी सगळी कागदपत्रे वडिलांनी एका निळ्या फाइलीत लावली होती. पहिल्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात अनुक्रमणिका होती. फाइलीत शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या तीन साक्षांकित प्रती होत्या, घराचे प्रॉपर्टी कार्ड होते, पेन्शनचा कागद होता, आणि अर्थातच विद्यापीठाने कुरिअरने पाठवलेला आय-२०, म्हणजे ज्याच्या आधारे विद्यार्थी व्हिसा मिळतो तो प्रवेशाचा दाखला, होता. फ्रँकफर्टला विमान बदलताना हातातली बॅग कोणी लांबवली तर काय घ्या, म्हणून त्यांनी ती फाइल मोठ्या बॅगेत दोन टॉवेलांच्या मध्ये ठेवली. मी ती ठेवताना पाहिली आणि मला त्यात काहीही वावगे वाटले नाही, यातच सगळे आले. शिकागोला ओहेअर विमानतळावर खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने आय-२० मागितला तेव्हा मला कळले, की सामानाचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो आणि आय-२० दाखवल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही.

मला बाजूच्या खोलीत बसवले. तिथल्या बाईंनी अगदी साधे प्रश्न विचारले : अभ्यासक्रम कोणत्या तारखेला सुरू होतो, पहिल्या वर्षाचा खर्च किती, पैसे कोण देणार, कर्ज असेल तर किती. विद्यापीठाचे नाव सोडले तर मला एकाही प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले नाही. प्रत्येक वेळी "माय फादर नोज" एवढेच तोंडातून निघत होते. त्या बाई कंटाळल्या नाहीत, चिडल्याही नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही. शेवटी पासपोर्टला टाचलेल्या आय-९४ च्या, म्हणजे देशात प्रवेश दिल्याच्या नोंदीच्या, पांढऱ्या कार्डाबरोबर आय-५१५ए नावाचा कागद हातात पडला, म्हणजे तीस दिवसांची तात्पुरती मुदत आणि त्या अवधीत राहिलेले कागद पाठवून देण्याची ताकीद. नव्या विद्यापीठातले पहिले तीन आठवडे, जेव्हा बाकीची मुले विषय निवडत होती, तेव्हा मी टपाल आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय यांच्यामध्ये खेपा घालत होतो. त्या घोटाळ्याचा दोष मी वडिलांना आजही देत नाही, कारण प्रवास माझा होता आणि फाइल उघडून पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती.

आता आय-२० ईमेलने येतो आणि छापून घ्यावा लागतो, इतकाच फरक पडला आहे. तो न वाचण्याची रीत तशीच आहे. वास्तविक वाचायला दहा मिनिटेही लागत नाहीत. अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख त्यावर असते, आणि तिच्या तीस दिवसांहून आधी नवीन विद्यार्थ्याला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत उतरता येत नाही, म्हणून विमानाचे स्वस्त तिकीट दिसताच जूनचे आरक्षण करून टाकणाऱ्या काकांना आधी ती तारीख दाखवावी. सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेतला, 'एन' या अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, ज्याच्या नावाने ३५० डॉलर भरल्याची पावती जवळ बाळगावी लागते. खर्चाचा अंदाज असतो, आणि पुष्कळ विद्यापीठे तो नऊ महिन्यांचा देतात. बारा महिन्यांचे घरभाडे त्यात शोधू नये.

व्हिसाच्या अर्जाची तीच कथा. डीएस-१६० हा अर्ज एजंटाने भरला तरी शेवटची सही अर्जदारालाच करावी लागते, आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराची जबाबदारी त्या सहीबरोबर त्याच्यावर येते. गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरची खाती त्यात विचारलेली असतात, आणि २०२५ च्या जूनपासून विद्यार्थ्यांना ती खाती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगितले आहे. कन्सल्टन्सीतल्या माणसाने 'काही नाही' असे टिचकवून टाकलेले मुलाला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीच्या खिडकीपाशी पोहोचेपर्यंत माहीतही नसते, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आई-वडिलांचे म्हणणे मला समजते. ज्याने घर गहाण ठेवले त्याला विचारण्याचा हक्क आहेच. पण तिथे पोहोचल्यावर काय होते ते त्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. अमेरिकेत १९७४ पासून फेरपा नावाचा कायदा आहे, ज्यानुसार महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याची शैक्षणिक माहिती त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ सहसा कोणालाही देत नाही, आणि या 'कोणालाही'मध्ये फी भरणारे वडीलही येतात. माझ्या परिचयातल्या नाशिकच्या एका गृहस्थांनी मुलाचे गुण विचारायला रात्री अकरा वाजता विद्यापीठात फोन लावला. पलीकडच्या व्यक्तीने अतिशय गोड आवाजात, या नावाचा विद्यार्थी आमच्याकडे आहे की नाही हेही आम्ही सांगू शकत नाही, असे उत्तर दिले. ते गृहस्थ आठवडाभर जेवले नाहीत, असे त्यांच्या पत्नीने मला सांगितले. (ही थोडी अतिशयोक्ती असावी.) मुलाचा एक विषय राहिला होता, आणि तो कसा सांगावा हे त्याला कळत नव्हते, इतकेच.

कर्जाविषयी तर बोलायलाच हवे. शैक्षणिक कर्जात मुख्य कर्जदार विद्यार्थी असतो आणि वडील सहकर्जदार असतात, पण बँकेत मुलगा सह्या करण्यापुरता जातो आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते. ४० लाखांची पूर्ण उचल झाली आणि दर साडेदहा टक्के असला तर वर्षाचे व्याज ४ लाख २० हजार होते, म्हणजे महिन्याला ३५ हजार रुपये, आणि शिकत असताना हप्ता सुरू झालेला नसला तरी हे व्याज साठतच असते. हा गुणाकार मुलाने एकदा स्वतःच्या हाताने केला, की सेमिस्टरला लागेल तेवढीच उचल का करावी हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. तिथे गेल्यावर काम करून भागवू, हा हिशेबही त्याच वेळी तपासावा. वर्ग चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते. आवाराबाहेर परवानगीशिवाय, एखाद्या पेट्रोल पंपावर रोखीने केलेले काम व्हिसावरच बेतते. ज्यांना असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच शिकवण्याचे किंवा संशोधनाचे पगारी काम, मिळाली आहे त्यांचाही पहिला पगार हाती यायला सप्टेंबर उजाडतो, आणि घराचे डिपॉझिट मात्र ऑगस्टातच द्यावे लागते.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तयारी लसींची आहे. बहुतेक विद्यापीठे एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लसीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात, आणि त्या दोन मात्रांत किमान २८ दिवसांचे अंतर असावे लागते. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या सरकारी लसीकरणात गोवराची लस होती. ही एकत्रित लस बहुधा खासगी बालरोगतज्ज्ञाकडे घ्यावी लागे, त्यामुळे पुष्कळ मुलांच्या कार्डावर तिची एकच नोंद असते किंवा एकही नसते. १० जुलैला जागे होऊन पहिली मात्रा घेणाऱ्याला दुसरी ७ ऑगस्टच्या आत मिळत नाही, आणि तोवर बॅगा भरून झालेल्या असतात. नोंदी अपुऱ्या राहिल्या की पुढच्या सत्राच्या नोंदणीवर 'होल्ड' लागतो. दुसरी गोष्ट क्षयाच्या तपासणीची. आपल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो, आणि बीसीजी घेतलेल्या माणसाची त्वचेवरची मॉन्टू चाचणी क्षयाचा संसर्ग नसतानाही फुगून येऊ शकते. अशा माणसासाठी इग्रा ही रक्ताची चाचणी अधिक योग्य समजली जाते, कारण तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हे माहीत असलेली मुलगी आरोग्य केंद्रात शांतपणे रक्ताची चाचणी मागते. माहीत नसलेली हातावरची गाठ पाहून घाबरते, छातीचा एक्स-रे काढायला जाते आणि रात्री आईला रडत फोन करते. दात आणि चष्मा यांचे काम मात्र इथेच उरकावे, कारण विद्यार्थ्यांच्या पुष्कळ विमा योजनांत दोन्ही धरलेली नसतात.

कोणत्याही यादीत नसलेली एक तयारी अजून राहते, आणि ती मनाची असल्यामुळे अवघड आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत 'छापणे', म्हणजे दुसऱ्याचे उतरवून काढणे, या क्रियापदाला जो प्रेमळ अर्थ आहे तो विमानात बसण्यापूर्वी विसरावा लागतो. मीही काचेखाली बल्ब लावून ड्रॉइंगच्या शीटवर जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारली आहे, सबमिशनच्या आदल्या रात्री एकाची असाइनमेंट अख्ख्या हॉस्टेलात फिरताना पाहिली आहे, आणि ती फिरवणाऱ्याला सगळे भला माणूस म्हणत. तिथे दोन प्रोग्रॅममधले साम्य शोधायला मॉससारखे सॉफ्टवेअर असते, जे चलांची नावे बदलली तरी फसत नाही. उतरवणाऱ्याबरोबर उतरवू देणाऱ्यालाही समितीसमोर उभे राहावे लागते. प्रकरण निलंबनापर्यंत गेले तर विद्यार्थी म्हणून राहण्याचा आधारच संपतो, आणि मग आय-२० वरच्या त्या तारखांना अर्थ उरत नाही. पहिल्या आठवड्यात मिळणारा सिलॅबस म्हणजे आपल्याकडची धड्यांची यादी असते असे समजून तो बाजूला टाकू नये. उशिराबद्दल किती गुण कापणार, गृहपाठात कोणाची मदत चालते, चॅटजीपीटी वापरायचे की नाही, हे सगळे त्यात लिहिलेले असते, आणि प्राध्यापक ते शब्दशः पाळतात.

सामानाविषयी मला फारसे सांगायचे नाही. कुकर न्या, गोडा मसाला न्या, खाण्याचे पदार्थ कस्टमच्या प्रश्नाला उत्तर देताना लपवू नका, ताजी फळे आणि मांस नेऊ नका. भारतातला मोबाइल क्रमांक चालू ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही आणि स्वतःच्याच खात्याकडे बघत बसावे लागते. दिवाणखान्यात गादी टाकून राहण्याचा 'हॉल स्पॉट' घेणार असाल तर लीजवर तुमचे नाव आहे की नाही हे पाहा, आणि घर किंवा त्यात राहणारे कोणी व्हिडिओवर पाहिल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका.

यंदा माझी भाची निघते आहे. मे महिन्यात ताईने मला फोन केला, "तिची फाइल एकदा तू बघशील का रे?" मी नाही म्हटले. ताई पंधरा दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलली, आणि ते मला अपेक्षितच होते. परवा भाचीचा फोन आला. मागे ताईचा आवाज येत होता, "अगं, मामाला काय विचारायचे ते मी विचारते, दे इकडे." भाचीने आजीच्या पितळी डब्यातून लसीकरणाचे कार्ड शोधून काढले होते. घडीवर फाटलेले होते, पण डॉक्टरांचे अक्षर लागत होते. एमएमआरची एकच तारीख त्यावर सापडल्यावर तिने दुसरी मात्रा जूनमध्येच घेतली होती. मग तिने विचारले, "मामा, ती रक्ताची चाचणी इथे करून नेलेली चालते का, की तिथे गेल्यावरच करावी लागते?"

मी म्हटले, "मला माहीत नाही गं, प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असते."

"माझ्या विद्यापीठात तिथेच करावी लागते," ती म्हणाली. "मी परवा रात्री मेल केला होता, आज उत्तर आले. तुला माहीत आहे का ते बघत होते."