टेपची फुली, उघडी खिडकी आणि चार स्क्रू

जून उजाडला की आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर आंब्याच्या पेट्यांचे भाव आणि वादळाचा तो फॉरवर्ड, दोन्ही न चुकता येतात. इथे म्हणजे फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर, ब्रॉवर्ड काउंटीत. मजकूर दरवर्षी तोच: "हरिकेन शटर हा कंपन्यांचा धंदा आहे. काचांवर टेपची फुली मारा. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी बोटभर उघडी ठेवा, दाब सारखा होतो. फार तर समुद्राकडच्या खिडक्यांना ऐनवेळी प्लायवूड ठोका. शटरची हौसच असेल तर स्वतः बसवा, चार स्क्रूंचं काम. आणि मग घरात निर्धास्त बसा."

(हरिकेन शटर म्हणजे वादळात खिडक्या-दारांवर बाहेरून लावायचं संरक्षक आवरण.) यंदा तो फॉरवर्ड एका काकांनी पाठवला. खाली दहा-बारा अंगठे. काकांशी भांडण नाही, पण त्यांचं नवं घर वाळूपासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

टेपचं आधी उरकतो. टेपमुळे काच फुटायची थांबत नाही. फुटलीच तर बारीक चुरा होण्याऐवजी टेपला चिकटलेले मोठे, सुऱ्यासारखे तुकडे आत येतात. वादळ हुकलं तरी उन्हात भाजलेला तो डिंक पुढचा आठवडाभर खरवडत बसायचं, ते वेगळं.

उघड्या खिडकीचा सल्ला मात्र खरोखर घातक आहे, आणि गंमत म्हणजे तोच सगळ्यात शास्त्रीय वाटतो. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असतो हे खरं. 1992च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ धडकलं तेव्हा केंद्रातला दाब 922 मिलिबारपर्यंत उतरला होता; एरवी तो 1013च्या आसपास असतो. पण हा उतार काही तासांचा असतो, आणि घर म्हणजे काही झाकण लावलेली बरणी नव्हे. दाराखालची फट, एसीची नळी, माळ्याची जाळी, सगळीकडून हवा ये-जा करते. दाब सारखा करायला तुमची खिडकी लागत नाही.

घर मोडतं ते वाऱ्याच्या जोराने. छपरावरून सुसाटणारा वारा छपराला वर ओढत असतोच. त्यात एखादी काच फुटली किंवा गॅरेजचं दार आत कोसळलं, की घरात शिरलेला वारा खालूनही रेटायला लागतो. ओढ आणि रेटा एकाच दिशेला. कोकणातला कुणीही सांगेल, पडवीत वारा भरला की पत्रे जातात. पावसात छत्री उलटी होते तीही अशीच. अँड्र्यूमध्ये हजारो घरांची छपरं गेली, त्यात हे फार वेळा घडलेलं दिसलं. शटर काच वाचवायला लावतात असं आपल्याला वाटतं. खरं तर वाचवायचं असतं छप्पर, आणि फॉरवर्ड तर वाऱ्याला स्वतःच्या हाताने दार उघडून द्या म्हणतो.

म्हणूनच "फक्त समुद्राकडच्या खिडक्या" हेही टिकत नाही. वादळाचा वारा गोल फिरतो. केंद्र पुढे सरकलं की जो वारा पुढच्या दारावर आदळत होता तो मागच्या दारावर येतो. आमच्याकडे समुद्र पूर्वेला. पण 24 ऑक्टोबर 2005ला विल्मा वादळ पश्चिम किनाऱ्यावर केप रोमानोपाशी जमिनीवर चढलं आणि अख्खा फ्लोरिडा ओलांडून पाठीमागून आमच्यावर आलं. फोर्ट लॉडरडेलच्या उंच इमारतींच्या काचांची चाळण झाली. विमा कंपन्यांनाही हे ठाऊक आहे. सगळी काचेची तोंडं झाकली असतील तरच हप्त्यावरच्या सवलतीचा रकाना भरला जातो. न्हाणीघराची एक झरोक्याएवढी खिडकी राहिली तरी गेली सवलत.

प्लायवूडवर मी फॉरवर्डला निम्मे गुण देईन. 5/8 इंची प्लायवूड, आधीच मापाने कापून, भोकं पाडून, प्रत्येक फळीवर खिडकीचं नाव लिहून ठेवलेलं असेल तर काहीच नसण्यापेक्षा शंभर पटीने बरं. पण "ऐनवेळी"? वादळाचा इशारा साधारण 36 तास आधी येतो. त्या वेळी दुकानात प्लायवूडच्या फडताळापाशी फक्त भुसा उरलेला असतो. आणि एका अख्ख्या फळीचं वजन पंचवीसेक किलो. साठीतल्या माणसाने शिडीवर चढून, सुटलेल्या वाऱ्यात ती धरायची?

आता "कंपन्यांचा धंदा". धंदा आहेच. पण इथे विकायच्या शटरला आधी मार खावा लागतो. सुमारे चार किलोचा लाकडी वासा हवेच्या तोफेतून ताशी 55 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने त्यावर मारतात, आणि मग पोचे आलेल्या त्याच शटरवर दाब-ओढीचे शेकडो फेरे देतात. पास झालं तर शेजारच्या मायामी-डेड काउंटीचा मंजुरी क्रमांक मिळतो. खरेदी करताना रंगाआधी तो क्रमांक विचारावा. बाकी निवड आपल्या कमरेवर आणि खिशावर आहे. पन्हळी अॅल्युमिनियमची पॅनेलं सगळ्यात स्वस्त, पण दरवेळी चढवा-उतरवा. बाजूला घडी होऊन सरकणारी अॅकॉर्डियन एकटा माणूस लावू शकतो. मात्र किनाऱ्यावर त्यांच्या खालच्या खाचेत वाळू आणि मीठ बसतं, अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावंच लागतं. आणि तेल अजिबात नको, त्यात वाळू कालवली जाते. कोरडा सिलिकॉन स्प्रे मारायचा. वरून गुंडाळी उतरणारी सगळ्यात देखणी आणि महाग. मोटरची घेतलीत तर हाताने फिरवायचा दांडा आहे ना, तेवढं पाहा. वीज कधी जाणार हे काय सांगायला हवं?

राहिले "चार स्क्रू". आमच्या पॅनेलांची वरची पट्टी आधीच्या मालकाने कुणाकडून तरी लावून घेतली होती. दोन वर्षांनी भिंतीवर गंजाचे तांबूस ओघळ दिसले, म्हणून एक स्क्रू फिरवून पाहिला. चौथ्या आट्याला तो सरळ हातात आला. 1¾ इंचाचा स्क्रू. त्यातला पाऊण इंच नुसता गिलाव्यात गेलेला, वर पट्टीची जाडी, म्हणजे काँक्रीटच्या ठोकळ्यात इंचभरसुद्धा नाही. त्या पॅनेलच्या मंजुरीच्या आराखड्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट खोली मागितली होती, गिलावा न धरता. भोकातला भुगाही फुंकून काढलेला नव्हता. पॅनेल तोफेच्या वाशाला पुरून उरणारं, आणि ते लटकत होतं रंगाच्या पापुद्र्यावर!

आम्ही सगळे अँकर, म्हणजे भिंतीत रुतणारे हे स्क्रू, बदलले; 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलचे घातले. आराखड्यात चार गोष्टी छापलेल्या असतात: स्क्रूची खोली, दोन स्क्रूंमधलं अंतर, ठोकळ्याच्या कडेपासूनचं अंतर, आणि पॅनेल व काचेत ठेवायची फट. फट कमी पडली तर दणका बसल्यावर पॅनेल वाकून तेच काच फोडतं. परमिट काढलं की काउंटीचा तपासनीस हेच बघायला येतो. लोकांना तो कटकट वाटतो, मला आता वाटत नाही. स्वतः बसवायला माझी हरकत नाही, फक्त तो कागद भिंतीला चिकटवून बसवा.

आणि "निर्धास्त बसा". शटर वारा अडवतं, पाणी नाही. 28 सप्टेंबर 2022ला इयान वादळाने फोर्ट मायर्स बीचवर 10 ते 15 फूट पाणी चढवलं. तिथे शटर लावलेली घरंही होती. काकांचा पत्ता स्थलांतराच्या पहिल्या पट्ट्यात येतो, मी नकाशात पाहिलं. आमच्याकडे शेवटचं पॅनेल स्वयंपाकघराच्या दाराला, बाहेरून लागतं. ते लावायच्या वेळी पिशव्या, पासपोर्ट आणि मांजर आधीच गाडीत असतात. काका, मागची सीट रिकामी आहे.